दोन डबे, दोन भाजण्या: थालीपिठाची कुठली, चकलीची कुठली?

दिवाळीच्या आठवड्यात भाचीचा फोन आला. मागे सोऱ्या ओट्यावर आपटल्याचा आवाज.

"मावशी, चकलीचं कडं वळतच नाहीये गं. निम्म्यात तुकडा पडतो. आणि ताटलीची भोकं सारखी तुंबतायत."

"भाजणी कुठली घेतलीस?"

"कुठली म्हणजे? तू दिलेलीच. डब्यावर 'भाजणी' लिहिलंय की."

डब्यावर खरंच तेवढंच लिहिलं होतं, आणि अक्षर माझं होतं. गणपतीत मी तिला दिलेली भाजणी थालीपिठाची. चकलीची मी दिवाळीच्या तोंडावरच करते, ती अजून माझ्याच घरात होती. आमच्या पिढीला नुसतं 'भाजणी' म्हटलं की बोलण्याच्या ओघावरून कुठली ते कळायचं. श्रावणात थालीपिठाची, आश्विनात चकलीची. तिला कळावं कुठून?

धान्यं आणि डाळी भाजून, दळून केलेलं पीठ ते भाजणी, इथवर दोघी बहिणी. भाजल्याने दाण्याचा कच्चट वास जातो, ओलावा उडतो, खमंगपणा येतो आणि पीठ जास्त दिवस टिकतं. (म्हणूनच दुकानात मिळणारं मल्टिग्रेन पीठ म्हणजे भाजणी नव्हे. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून अशा पिठांच्या पिशव्या जिकडे तिकडे दिसतात. त्यात धान्यं असतील सात नाही तर नऊ, पण ती कच्चीच दळलेली असतात. त्याचं थालीपीठ होतं, पण भाजणीची चव येत नाही.) इथून पुढे मात्र या दोघींचे संसार वेगळे.

थालीपिठाची भाजणी आधी घेते, कारण तिची गोष्ट सोपी. आमच्याकडचं माप असं: ज्वारी 2 वाट्या, बाजरी 2 वाट्या, तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ आणि उडीद डाळ प्रत्येकी 1 वाटी, अख्खे मूग अर्धी वाटी, धने अर्धी वाटी, जिरं 2 चमचे. हे माप दगडावरची रेघ नाही. देशावर ज्वारी-बाजरी वाढते, कोकणात तांदूळ आणि नाचणी पुढे येते, कुणी मटकी घालतं, कुणी गहू गाळतं. घरात ज्याची तळाशी राहिलेली वाटीभर असेल ते जातं, तरी थालीपीठ होतंच. कारण त्याला सांभाळून घ्यायला बरेच जण आहेत. खालून तवा आहे, वरून झाकण आहे, कांद्याचं पाणी आहे, थापणारा हात आहे. कडेला चीर पडली तर बोटाने दाबली की झालं.

चकलीला असा कुणी नाही. बोटापेक्षा बारीक पिठाची दोरी, सोऱ्यातून बाहेर पडताना तिला काटे हवेत, मग न तुटता तीन वेढे घ्यायचे, कागदावरून उचलून थेट उकळत्या तेलात जायचं आणि तिथेही अंग धरून राहायचं. एवढं सगळं पिठाने स्वतःच्या बळावर करायचं. म्हणून चकलीच्या भाजणीत मापाला महत्त्व, आणि तिथे 'घरात होतं ते घातलं' चालत नाही.

माझं माप: तांदूळ 4 वाट्या, हरभऱ्याची डाळ 2, मुगाची डाळ 1, उडदाची डाळ 1, जाडे पोहे 1, धने पाव वाटी, जिरं 2 चमचे. ज्वारी नाही, बाजरी नाही, गहू तर नाहीच. तांदूळ कुरकुरीतपणा देतो, हरभऱ्याची डाळ चव आणि खुसखुशीतपणा देते, पोह्यांनी चकली हलकी होते. उडीद डाळीचं काम दिसत नाही, पण ते सगळ्यांत मोलाचं: तिच्या चिकटपणामुळे ती दोरी तुटत नाही. तांदूळ जास्त झाला तर चकली कडक होते, दाताला लागते. डाळी जास्त झाल्या तर मऊ पडते आणि हातात घेतली की भुगा होतो.

आता भाचीच्या सोऱ्यात काय झालं ते कळेल. थालीपिठाची भाजणी मुद्दाम जराशी रवाळ दळतात, धन्याच्या सालीचे कण त्यात राहतात. ते चांदणीच्या भोकात अडकले. ज्वारी-बाजरीला स्वतःचा चिकटपणा नाही, भाकरी थापणाऱ्याला हे सांगायला नको. त्यामुळे वळवताना कडं तुटलं. आणि समजा न तुटता तेलात गेलं असतं, तरी आधीच तपकिरी असलेलं ते पीठ तळलं गेलं की नाही, हे रंगावरून कळलंच नसतं.

भाजण्यातही फरक आहे, आणि घोटाळा बहुतेक इथेच होतो. थालीपिठाची धान्यं खरपूस भाजायची. शेजारणीने "आज काय, भाजणी वाटतं?" असं खिडकीतून विचारेपर्यंत. चकलीचे तांदूळ आणि डाळी मी आधी धुते, पंचावर पसरून सावलीत खडखडीत वाळवते आणि मग मंद आचेवर एकेक जिन्नस वेगळा भाजते. तांदूळ हलका होऊन किंचित फुलला, डाळीला वास सुटला, की उतरायचं. रंग बदलायची वाट बघायची नाही. जास्त भाजलेल्या पिठाचा चिकटपणा मरतो. त्याची चकली काळपट तर होतेच, शिवाय तेलात फुटते. 'जितकं खमंग तितकं चांगलं' हा थालीपिठाचा नियम इकडे लावला की चकली बिघडलीच.

मग गिरणी. गिरणीवाला विचारतो, "कशावर दळू?" या प्रश्नाला "कशावरही" असं उत्तर चकलीच्या भाजणीला देऊ नये. आधीच्या दळणाचं मूठ-दोन मूठ पीठ आपल्या पिठात येतंच. गहू किंवा बाजरी आधी दळलेली असेल तर तेवढ्यानेही चकली बिघडू शकते. तांदळावर किंवा हरभऱ्याच्या डाळीवर दळायला सांगायचं, आणि बारीक. दिवाळीआधी बऱ्याच गिरण्यांत भाजणीसाठी वेगळी वेळ ठेवतात ती याचसाठी. थालीपिठाची भाजणी गव्हावर दळली काय, ज्वारीवर दळली काय, तिचं काही अडत नाही.

डब्यावर नाव नसेल तर ओळखायचं कसं? चिमूटभर पीठ पांढऱ्या बशीत घ्या. चकलीची भाजणी फिकट पिवळसर, दोन बोटांत चोळली तर गुळगुळीत. थालीपिठाची करडी-तपकिरी, बोटांना कण लागतात, आणि वास दोन पावलांवरून येतो. तरी शंका असेल तर चमचाभर पीठ गरम पाण्यात मळून तळहातावर वळवा. लांब शेवई निघाली तर चकलीची. मधेच चिरा पडून तुटली तर थालीपिठाची. भाचीला हे आधी माहीत असतं तर किलोभर पीठ भिजलं नसतं.

पीठ भिजवणंही दोघींचं वेगळं. थालीपिठाला गार किंवा कोमट पाणी, तेही बेताने, कारण कांद्याला मागाहून पाणी सुटतं. चकलीला उकड लागते. जितक्या वाट्या भाजणी तितक्याच वाट्या पाणी, त्यात मीठ, तिखट, हळद, हिंग, तीळ, ओवा आणि दर वाटीला एक मोठा चमचा तेलाचं मोहन. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून भाजणी घालायची, ढवळून झाकून पंधरा-वीस मिनिटं विसरून जायचं. गरम पाण्याने तांदळाचं पीठ फुलतं आणि आळून चिकट होतं. त्यावरच पुढचं सगळं उभं आहे. मग लागेल तसा पाण्याचा हात लावत खूप मळायचं.

मोहनाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण फोन येतात ते याच कारणाने. मोहन पिठाच्या कणांना वेढून त्यांना एकमेकांना घट्ट धरू देत नाही, म्हणून चकली खुसखुशीत होते. ते कमी पडलं तर चकली दगड. जास्त झालं तर कण एकमेकांना धरतच नाहीत आणि चकली तेलात विरते, कढईभर भुगा होतो. म्हणून आधी एकच चकली तळून बघायची. फुटली तर मळलेल्या पिठात थोडी कोरडी भाजणी आणि पाण्याचा हात; कडक आली तर चमचाभर कडकडीत तेल. आणि आच मध्यम. मोठ्या आचेवर बाहेरून लाल होऊन आत ओली राहते, आणि दुसऱ्या दिवशी डब्यात मऊ पडते. तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबले की आतलं पाणी गेलं असं समजायचं.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, म्हणजे थालीपिठाची भाजणी पौष्टिक आणि चकलीची चैनीची. हा समज मला खोडायचा आहे. दोन्ही डब्यांत धान्य आहे आणि डाळ आहे. लायसिन आणि मेथिओनिन हे प्रथिनांचे दोन घटक. धान्यांत लायसिन कमी असतं, डाळींत ते भरपूर. डाळींत मेथिओनिन कमी, ते धान्यं भरून काढतात. ही जोडी दोन्हींत जमलेली आहे. उलट माप पुन्हा बघा: चकलीत चार वाट्या तांदूळ आणि वाटीभर पोहे यांना चार वाट्या डाळी आहेत, थालीपिठाच्या भाजणीत सहा वाट्या धान्याला अडीच वाट्या डाळी-कडधान्य. डाळीच्या हिशोबात चकलीच पुढे! थालीपिठाच्या बाजूने बोलायचं तर तिथे अख्खी, सालासकटची धान्यं आहेत, म्हणून तंतू जास्त.

रोजचं कोणतं आणि सणाचं कोणतं, ही सीमा दोन डब्यांच्या मधून जात नाही. ती तवा आणि कढई यांच्या मधून जाते. थालीपिठाला तव्यावर चमचाभर तेल पुरतं. त्याच भाजणीचे वडे तळले की तेही सणाचेच झाले. तळताना पिठातलं पाणी वाफ होऊन निघून जातं, त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात आणि त्यांत तेल शिरतं. चकलीचा कुरकुरीतपणा त्या पोकळ्यांचाच. तळणीच्या आधी आणि नंतर कढईतलं तेल एकदा मोजून बघा, मग चकलीचा डबा आपोआप वरच्या फळीवर जाईल. एअर फ्रायरमधली चकली मी करून बघितली आहे. पाणी जातं, तेल येत नाही, आणि हातात उरते ती वाळलेल्या पिठाची कडक दोरी. त्यापेक्षा दिवाळीत खऱ्या दोन चकल्या खाव्यात आणि फराळ संपला की संपला म्हणावं.

थालीपीठ मात्र आठवड्यातून दोनदा झालं तरी हरकत नाही. त्यात किसलेली काकडी, दुधी, गाजर, चिरलेली मेथी किंवा पालक, काहीही जिरतं. पालेभाजीला नाक मुरडणाऱ्या पोरांना कळतसुद्धा नाही. वर लोण्याचा गोळा? ठेवा की. बरोबर दही असलं तर आणखी चांगलं. थापायचा कंटाळा आला तर मोकळ भाजणी: फोडणीत भरपूर कांदा परतायचा, भाजणी घालून परतायची, पाण्याचा हबका मारून वाफ काढायची. वीस मिनिटांत रात्रीचं जेवण.

अदलाबदल चालते का? एका बाजूनेच. चकलीची भाजणी उरली तर तिचं थालीपीठ होतं, फक्त गार झाल्यावर कडक होतं, म्हणून त्यात कांदा जास्त आणि दोन चमचे दही घालावं. उलट दिशेने नको. 'पौष्टिक चकली' म्हणून नाचणी घालायची असेल तर सगळ्या भाजणीच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ नका, आणि तळताना रंगाकडे न बघता बुडबुड्यांकडे बघा.

टिकण्याचंही बघायला हवं. बाजरीत स्निग्धांश बराच असतो, म्हणून तिचं पीठ लवकर कडवट होतं. भाजल्याने थोडा धीर मिळतो, पण थालीपिठाची भाजणी दोन-अडीच महिन्यांत संपेल एवढीच करावी. उपासाची भाजणी हा तिसरा डबा: साबुदाणा, वरी, राजगिरा, जिरं. तिच्यावर तरी नाव लिहाच. चतुर्थीला कुणाचा तरी उपास मोडेल.

तर भाचीचं ते मळलेलं पीठ. उकड काढलेली होती, तिखट-ओवा घातलेला होता, टाकून कसं द्यायचं? मी तिला म्हटलं, कांदा-कोथिंबीर घाल आणि थाप. घरात सकाळपासून फराळाचा वास, आणि रात्री ताटात थालीपीठ. जावईबापू म्हणे तीन खाऊन उठले.

दुसऱ्या दिवशी मी चकलीची भाजणी पोचती केली, डब्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहून. संध्याकाळी पुन्हा फोन.

"मावशी, पहिली तेलात फुटली."

"मोहन किती घातलंस?"

"…थोडं जास्तच झालं वाटतं."