साथ एकच, पण ती भोगली वेगवेगळी

जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मिळून लोकांचं रक्त तपासलं. झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के लोकांना कोरोना होऊन गेलेला निघाला, बाकीच्या वस्तीत १६ टक्के. एकाच वॉर्डात, कधी एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना, हा एवढा फरक.

कारण शोधायला लांब जावं लागत नाही. पहाटे सार्वजनिक संडासासमोरची रांग आठवा: हातात डबा, पुढच्याची पाठ हातभरावर, आत एकच कडी, तीच सगळ्यांनी लावायची. ‘घरात राहा, अंतर ठेवा’ हा सल्ला ज्यांना वेगळी खोली होती त्यांच्यासाठीच होता.

या शहराने हे आधीही पाहिलंय. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात मुंबईत समाजवार मृत्यू मोजले गेले. दर हजारी युरोपियन ८.३, पारशी ९, सवर्ण हिंदू १८.९, आणि सरकारदफ्तरी ‘खालच्या जाती’ म्हणून नोंदलेल्या हिंदूंमध्ये ६१.६. हा आकडा मी कितीदा तरी वाचलाय, तरी दरवेळी थांबायला होतं. कोणाला कुठे राहायला मिळणार, पाणी किती, पोटात काय, हे तेव्हा जातच ठरवत होती.

त्याआधी १८९६ चा प्लेग. बंदरालगतच्या मांडवी भागात सुरू झाला आणि काही महिन्यांत लाखो लोकांनी मुंबई सोडली. कामगार कोकणात बोटीने गेले, घाटावर रेल्वेने. सक्तीची झडती, विलगीकरण यांचा जाच होताच, आणि १८९७ चा साथरोग कायदाही त्याच काळातला. तोच कायदा महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू केला.

फरक एवढाच की या वेळी टाळेबंदीत गावी जायला गाड्याच नव्हत्या. १ मेपासून श्रमिक गाड्या सुटल्या, पण त्यात जागा मिळवणं सगळ्यांना जमलं नाही. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर भुसावळला गाडी मिळेल या आशेने रुळांवरून चालत निघाले. थकून रुळांवरच झोपले. ८ मेच्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यातल्या करमाडजवळ मालगाडीखाली सोळा जण गेले. वाटेसाठी बांधून घेतलेल्या चपात्या खडीवर विखुरल्या होत्या.