साडेदहा हजार वर्षांची टोपली

आमच्या गावात पूर्वी घरोघरी कणगी असायची. बुरडानं बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली. ज्वारी भरायच्या आधी आजी एक दाणा दाताखाली धरायची. ‘कट्’ वाजला तरच धान्य आत. ओल राहिली की दाण्याला बुरशी आणि कणगीला उधई ठरलेली. शेवटी सारं उकिरड्यावर.

म्हणून २०२१च्या मार्चमध्ये इस्रायलच्या पुरातत्त्व खात्यानं दिलेली बातमी मी पुन्हा पुन्हा वाचली. मृत समुद्राजवळच्या वाळवंटात, मुरब्बाअतच्या एका गुहेत, जमिनीखाली पुरलेली टोपली सापडली. अख्खी, झाकणासकट. वय सुमारे १०,५०० वर्षे! त्या मुलखात मातीची भांडी तेव्हा आलीच नव्हती. मावतं ९० ते १०० लिटर, म्हणजे आपली ज्वारी सत्तरेक किलो. विणीवरून अभ्यासकांनी ओळखलं की ती दोघांनी मिळून विणली आणि त्यातला एक डावखुरा होता. बुरडाला हे सांगावं लागणार नाही; हात कोणता चालला ते वीणच सांगते.

टिकली कशी? वस्तू नुसत्या जुन्या झाल्या म्हणून कुजत नाहीत, त्यांना बुरशी आणि जिवाणू कुजवतात, आणि या बुरशी-जिवाणूंना पाणी लागतं. मृत समुद्राकाठी वर्षाला १०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. आपल्या नागपूरकडे हजाराच्या आसपास. गुहेत तर तेवढाही शिरत नाही, आणि ऊनही नाही.

आपल्याकडे नागपूर भागातल्या जुनापाणी, माहूरझरी, नैकुंडच्या शिळावर्तुळांत, म्हणजे मोठे दगड गोल मांडून केलेल्या प्राचीन दफनांत, लोखंडी हत्यारं मिळाली, घोड्यांचं सामान मिळालं, मडकी मिळाली. नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टी निघाली. या माणसांनी टोपल्या, दोर, कपडे वापरलेच असतील ना? आपल्या मातीनं आणि पावसानं ते गिळलं. मला याची फार हळहळ वाटते.

तिकडे मृत समुद्राजवळच्या मसादा किल्ल्यापाशी योराम गुहेत ६,००० वर्षांपूर्वीचे जवाचे दाणे मिळाले. ते इतके कोरडे राहिले की २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांचा डीएनए वाचला. त्या भागात आजही पिकणाऱ्या गावरान जवाशी त्याचं जवळचं नातं निघालं. बियाणं जपणाऱ्या कास्तकाराला यातलं मोल कळेल.

टोपली मात्र रिकामी होती. तळाशी थोडी माती तेवढी उरली होती. आत काय ठेवलं जायचं, ते त्या मातीच्या तपासणीतूनच कळलं तर कळेल.