तोंडची गोष्ट कागदावर का आली?

‘जुन्या कथा आता सांगतं कोण? सगळं मोबाइलवर आलं,’ ही कुरकुर हल्ली सगळीकडे ऐकू येते. कुरकुर खरी असेल, पण ती नवी नाही. श्रद्धेची वचनं आणि कथा जेव्हा जेव्हा एका साधनातून दुसऱ्यात गेल्या, तेव्हा अनेकदा त्यामागे हौस नव्हती, धास्ती होती. ज्यांना पाठ आहे ती माणसंच गेली तर?

श्रीलंकेत इसवी सनपूर्व पहिल्या शतकात दुष्काळ पडला आणि त्यातच परचक्र आलं. भिक्षू मरू लागले. तोवर त्रिपिटक, म्हणजे बौद्धांचा मूळ धर्मग्रंथ, त्यांच्या मुखीच होतं. ते ताडपत्रांवर उतरलं ते त्यानंतर, परंपरेनुसार आळुविहार या गुहांमधल्या विहारात. कुराणाची हकीकत फारशी वेगळी नाही. पैगंबर ६३२ साली गेले, पाठोपाठ यमामाच्या लढाईत कुराण मुखोद्गत असलेले अनेक जण पडले. खलिफा अबू बक्र यांनी संकलनाचं काम झैद इब्न साबित यांच्यावर सोपवलं. ‘त्यापेक्षा डोंगर हलवायला सांगितला असता तर तो हलका वाटला असता,’ अशा अर्थाचं झैद यांचं म्हणणं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबर आणि त्यांच्या सोबत्यांविषयीच्या आठवणींच्या संग्रहात, आहे. खजुरीच्या झावळ्यांचे देठ, पातळ दगड आणि माणसांची स्मरणशक्ती यांतून त्यांनी कुराणाच्या आयती, म्हणजे वचनं, गोळा केल्या. ज्यू परंपरेत तर तोंडी शिकवण लिहूच नये असा दंडक होता. जेरुसलेमचं मंदिर इ.स. ७० मध्ये पाडलं गेलं, आणि २००च्या सुमारास त्या तोंडी शिकवणीचं संकलन, म्हणजे मिश्ना, सिद्ध झालं.

वेदपाठकांनी मात्र पाठांतरालाच कुलूप घातलं. घनपाठात दोन शब्द सुलट, मग उलट, मग तिसऱ्यासह सुलट, उलट, पुन्हा सुलट असे म्हणतात: एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. एक अक्षर घसरलं तरी लगेच कानाला खटकतं. अर्थ कळो न कळो, शब्द हलता कामा नये.

कथेला हे कुलूप बसत नाही. अमेरिकी अभ्यासक मिलमन पॅरी यांनी १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियातल्या वीरगाथा गाणाऱ्यांचं ध्वनिमुद्रण केलं. गायक छातीठोकपणे सांगत की गाणं शब्दन् शब्द तेच आहे, आणि मुद्रणं ताडून पाहिली की ओळी वेगळ्या निघत. मला यात खोटेपणा दिसत नाही. त्यांच्या लेखी ‘तेच’ म्हणजे तीच गोष्ट. लिहिणाऱ्यांनी आपल्याला ‘तेच’चा अर्थ ‘तीच अक्षरं’ असा शिकवला, आणि छापखान्याने तो पक्का केला.

धास्तीचं सर्वांत वजनदार उदाहरण म्यानमारमधलं आहे. १८५२च्या युद्धात इंग्रजांनी दक्षिण ब्रह्मदेश घेतला, आणि उरलेल्या राज्यावर मिंडोन राजा आला. त्याने ताडपत्रांवर भिस्त न ठेवता मंडालेत सगळं त्रिपिटक संगमरवरावर कोरून घेतलं: ७२९ शिळा, दोन्ही बाजूंनी अक्षरं. काम १८६८ मध्ये पुरं झालं. अक्षरांत सोनं भरलं होतं. १८८५ मध्ये इंग्रज मंडालेत शिरले आणि सोनं गेलं. पुढे त्या खाचांत काळी शाई भरली गेली. वाचायला तीच जास्त सोपी पडते.