नर्स प्रॅक्टिशनर (खानदेशातील आरोग्यसेवेच्या संदर्भात)

नर्स प्रॅक्टिशनर : रुग्ण तपासून निदान करण्याचा आणि ठरवून दिलेल्या मर्यादेत औषधोपचार करण्याचा अधिकार असलेली उच्चशिक्षित परिचारिका. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात परिचारिका लोरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी १९६५ मध्ये असे पहिले प्रशिक्षण सुरू केले. भारतात अतिदक्षता विभागासाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. प्रसूतिसेवेसाठी १८ महिन्यांचे प्रशिक्षण २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनंतर आले.

खानदेशात हे पद फारसे कोणाला माहीत नाही, पण त्याच्या जवळपासचे काम रोज चालते. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात डॉक्टर गाठणे तुलनेने सोपे आहे. सातपुड्यात, धडगाव आणि अक्कलकुव्याच्या विखुरलेल्या पाड्यांवर, मात्र आजाऱ्याला झोळीतून खाली आणावे लागते. डोंगरी व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे (सपाटीवर ५,०००). तिथे एमबीबीएस डॉक्टर नेमलेला नसतो. गरोदर बाईची तपासणी, बाळाची लस, अडलेल्या बाळंतिणीला वेळेत पुढे पाठवण्याचा निर्णय, हे सगळे सिस्टरच बघतात.

२०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे होऊ लागली आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, आले. नर्सिंग किंवा आयुर्वेदाच्या पदवीवर सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेले हे कर्मचारी रक्तदाब-मधुमेहाची तपासणी करतात, ठरलेली औषधे देतात आणि ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवरून डॉक्टरांचा सल्ला मिळवून देतात. नर्स प्रॅक्टिशनरच्या सर्वांत जवळ जाणारे पद हेच. स्वतंत्र निदानाचा अधिकार मात्र तोकडा आहे.

सिकलसेलच्या बाबतीत परिचारिकेचे मोल विशेष जाणवते. भिल्ल, पावरा समाजांत हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. विद्राव्यता चाचणी, म्हणजे या आजाराची रक्ताची साधी प्राथमिक तपासणी, उपकेंद्रावर होऊ शकते, पण वाहक (एकाच पालकाकडून दोष आलेला, स्वतः सहसा आजारी नसलेला) कोण आणि आजारी कोण हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी पुढची तपासणी लागते. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, हे लग्नाआधी समजावून सांगणे गोळ्या वाटण्याहून अवघड. ते पावरी-भिलीत बोलू शकणाऱ्या परिचारिकेकडून अधिक नीट पोहोचते. म्हणून स्थानिक मुलींना नर्सिंगचे शिक्षण मिळणे या भागात निकडीचे आहे. त्यातच अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि तपासण्या खंडित होतात. होळीला माणसे पाड्यावर परततात, तेव्हा राहिलेल्या लसी आणि तपासण्या एकदम गाठता येतात.