फाइल उघडत नाही? जुने छापील कागदही सोबत आणा

संगणक बदलला, जुना प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालेना, तो लिहून देणाऱ्याचा पत्ता लागेना. हाती उरली फक्त एक फाइल. डबल क्लिक केलं तर संगणक विचारतो, ‘ही कशाने उघडू?’ दूध संस्था, पतसंस्था, छापखाने, जुने दुकानदार अशी बरीच मंडळी ही अडचण घेऊन आमच्याकडे येतात. अशा फाइलची रचना आम्ही कशी शोधतो आणि त्यात आपली मदत कुठं लागते, हे सांगण्यासाठी हे पत्रक.

फाइल म्हणजे बाइटांची रांग, आणि प्रत्येक बाइट म्हणजे ० ते २५५ यांपैकी एक आकडा. कुठला आकडा रुपये, कुठला तारीख आणि कुठला सभासद क्रमांक, हे बऱ्याचदा फाइलमध्ये लिहिलेलंच नसतं. ते फक्त प्रोग्रॅमला ठाऊक असतं. प्रोग्रॅम गेला की तो अर्थ पुन्हा शोधावा लागतो. (आम्ही काम करताना हे आकडे सोळाच्या पायावर वाचतो, इथं सोयीसाठी नेहमीचे दशमान आकडे दिले आहेत.)

आधी ओळख पटते का ते पाहतो

पुष्कळ फाइलींची ओळख पहिल्या काही बाइटांतच असते. पीएनजी चित्र १३७, ८०, ७८, ७१ ने सुरू होतं, जेपीईजी २५५, २१६, २५५ ने. सुरुवातीला ८०, ७५ म्हणजे ‘पीके’ ही अक्षरं दिसली, तर ती बहुधा झिप फाइल. ही आद्याक्षरं झिप घडवणाऱ्या फिल कॅट्झची. नव्या वर्ड आणि एक्सेलच्या फाइली आतून झिपच असतात. नावाच्या शेवटचं एक्स्टेन्शन चुकलं किंवा पुसलं गेलं, तरी या खुणा खरं सांगतात. असं काम निघालं तर ते काही मिनिटांत होतं.

आपल्याकडच्या जुन्या हिशेबांत डीबेस किंवा फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमांच्या डीबीएफ फाइली खूप. त्या तर स्वतःची रचना स्वतःच सांगतात. डीबेस ३ च्या साध्या फाइलचा पहिला बाइट ३ असतो. पुढच्या तीन बाइटांत फाइल शेवटची कधी बदलली ती तारीख: १०३, ३, ३१ म्हणजे १९०० अधिक १०३, अर्थात ३१ मार्च २००३. त्यानंतर नोंदींची संख्या, आणि ३३व्या बाइटापासून दर ३२ बाइटांत एकेका रकान्याचं नाव, प्रकार आणि लांबी. प्रत्येक नोंदीचा पहिला बाइट ३२ असेल तर नोंद चालू आहे, ४२ असेल तर खोडलेली. खोडलेली नोंद ‘पॅक’ ही आज्ञा देईपर्यंत फाइलमध्येच राहते. म्हणून कळकळीची विनंती: जुना प्रोग्रॅम अजून चालत असेल, तरी आमच्याकडे येण्याआधी त्यात ‘पॅक’ किंवा ‘फाइल दुरुस्ती’ करू नका. चुकून खोडलेला सभासद परत मिळण्याची वाट त्याने बंद होते.

ओळख पटली नाही तर

खरं काम इथं सुरू होतं. दूध संकलनाच्या एका फाइलचं उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यापुरते आहेत, पण पद्धत हीच.

फाइल आहे १,६०,१२८ बाइटांची. दर १६ बाइटांनी तीच घडण पुन्हा येते, त्यामुळं एक नोंद १६ बाइटांची असावी असा अंदाज बांधतो. सुरुवातीचे १२८ बाइट वेगळे दिसतात; ते वजा केले तर १,६०,००० उरतात, म्हणजे बरोबर १०,००० नोंदी. त्या सुरुवातीच्या भागात १६, ३९, ०, ० हे चार बाइट सापडतात. ३९ गुणिले २५६, अधिक १६, बरोबर १०,०००. आपल्या नेहमीच्या संगणकांवरचे बहुतेक प्रोग्रॅम मोठी संख्या अशी उलटी, धाकटा बाइट आधी ठेवून लिहितात. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं की अंदाजावर भरवसा बसतो.

आता एक नोंद पाहा:

२१४, ०, ७९, १४७, १, ३५, ८५, ०, ६५, ०, २५२, ३, २३०, २५, ०, ०

नुसते आकडे पाहून काहीच कळत नाही. म्हणून आम्ही सगळ्या १०,००० नोंदी एकाखाली एक मांडतो आणि एकेक उभा रकाना वाचतो. पाचव्या जागी १ आणि २ शिवाय काहीच नाही: सकाळ आणि संध्याकाळ. सहाव्या जागचे आकडे दोन ठिकाणी दाटतात, ३५ ते ४५ आणि ६० ते ७५. दुधाच्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको, एक गाय, दुसरी म्हैस. हा फॅटचा रकाना, ३.५ च्या जागी ३५ लिहिलेला. शेजारचा ८५ मग एसएनएफ, म्हणजे दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग. आठव्या जागी सगळीकडे शून्य, म्हणजे रिकामी जागा.

६५ म्हणजे ६.५ लिटर असेल का? २५२, ३ म्हणजे १०२०. तो पैशांतला दर, १० रुपये २० पैसे? ६.५ गुणिले १०.२० होतात ६६ रुपये ३० पैसे. शेवटचे चार बाइट वाचले तर ६६३०. जुळलं! हाच गुणाकार हजारो नोंदींत जुळला की लिटर, दर आणि रक्कम हे तिन्ही रकाने एकदम पक्के होतात. या क्षणी आम्हाला आजही पहिल्या दिवसाइतकाच आनंद होतो.

राहिल्या पहिल्या दोन जोड्या. २१४, ० हा उत्पादकाचा नंबर असावा. ७९, १४७ ची संख्या होते ३७,७११. काही प्रोग्रॅम तारीख म्हणजे ३० डिसेंबर १८९९ पासून मोजलेले दिवस धरतात. तसं मोजलं तर ३१ मार्च २००३ येते. पण दोन बाइटांची संख्या योगायोगानेही तारखेसारखी दिसू शकते. इथंच आपला कागद लागतो. त्या दिवसाचं छापील संकलन पत्रक किंवा दहा दिवसांचं बिल मिळालं आणि २१४ नंबरच्या उत्पादकापुढं ६६.३० दिसले, तर प्रश्नच मिटला. एक जुनं बिल आमचं कित्येक तासांचं काम वाचवतं. मळकं, फाटकं, कसंही असो, घेऊन या.

जुना प्रोग्रॅम कुठल्यातरी संगणकावर अजून चालत असेल तर फारच छान. फाइलच्या नकलेवर आम्ही एकच आकडा बदलतो आणि आधीची व नंतरची फाइल ताडून पाहतो. कुठला बाइट हलला ते लगेच दिसतं.

मराठी नावं

यात वेळ जातो. ‘किरण’ हे नाव इस्की या अक्षरांना आकडे देणाऱ्या १९९१च्या भारतीय मानकात १७९, २१९, २०७, १९३ असं चार बाइटांत बसतं. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत त्याला बारा बाइट लागतात आणि क हा २२४, १६४, १४९ असतो. या दोन्हींत वेलांटी क च्या नंतर येते. जुन्या फॉन्टांत मात्र अक्षर नसून अक्षराचे तुकडे साठवलेले असतात: अर्धा क वेगळा, काना वेगळा, आणि ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी क च्या आधी. नावं जुळवायला त्या फॉन्टची फाइल लागते. जुन्या संगणकाच्या विंडोजमधलं फॉन्टचं फोल्डर जसंच्या तसं आणून द्या.

आणताना

फाइल नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह करू नका, काही बाइट बदलून जातात. साडेतीन इंची फ्लॉपी असेल तर कोपऱ्यातली पट्टी सरकवून खिडकी उघडी ठेवा, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. फाइल हाती येताच आम्ही तिचा ठसा, म्हणजे ६४ खुणांचा एसएचए-२५६ आकडा, काढून पावतीवर देतो. एक बाइट जरी बदलला तरी तो ठसा बदलतो. काम नेहमी नकलेवर होतं.

सगळंच जमतं असं नाही. फाइलभर ० ते २५५ हे आकडे सारख्याच प्रमाणात विखुरले असतील आणि कुठलीच घडण परत येत नसेल, तर ती दाबलेली (झिपसारखी आकार लहान केलेली) किंवा कुलूपबंद असते. दाबलेली बहुधा सोडवता येते. पासवर्डशिवाय कुलूप निघत नसेल तर आम्ही तसं पहिल्याच भेटीत सांगतो आणि पाहणीचे पैसे घेत नाही.

डेटा आपला आहे याचं लेखी पत्र मात्र लागेल. संस्था असेल तर सचिवांच्या सहीशिक्क्याचं. सभासदांची नावं आणि रकमा ही त्यांची खासगी माहिती आहे. काम झाल्यावर आपल्याला एक्सेल फाइल, मूळ फाइल आणि कुठल्या बाइटात काय आहे याचा मराठीत लिहिलेला तक्ता मिळेल. आमच्याकडची नक्कल ३० दिवसांनी पुसली जाते, तेव्हा त्याआधी आकडे आपल्या खतावणीशी ताडून घ्या.