सात नंबरच्या खणात कोण आहे?

शुक्रवारी संध्याकाळी लोकल पकडायच्या घाईत मी टेप लायब्ररीचं, म्हणजे बॅकअपच्या टेपा ठेवायच्या यांत्रिक कपाटाचं, दार उघडलं. भरलेल्या चार टेप काढल्या, जुन्यांपैकी चार आत घातल्या. हे करताना अर्धवट भरलेली एक टेप आडवी आली, ती सात नंबरच्या खणातून काढून अकरात सरकवली. दार लावलं आणि पळालो. सोमवारी येऊन पाहतो तर दोन रात्रींचा बॅकअप, म्हणजे माहितीची राखीव प्रत, झालेलाच नाही. स्क्रीनवर एक ओळ थिजलेली: मागितली ती टेप नाही, दुसरीच आली, ऑपरेटरची वाट पाहत आहे. यंत्र ठणठणीत होतं, टेपही. जागा बदलल्याचं सॉफ्टवेअरला कोणी सांगितलं नव्हतं, आणि ते 'कोणी' म्हणजे मीच.

अजून टेप वापरतात? हो, भरपूर. 2021 मध्ये बाजारात आलेल्या एलटीओ-9 प्रकारच्या (एलटीओ हे टेपचं मानक, 9 ही त्याची पिढी) एका टेपवर 18 टेराबाइट मावतात. तळहाताएवढी चौकोनी डबी, आत एकच रीळ आणि त्यावर 1035 मीटर लांब, जेमतेम अर्धा इंच रुंद पट्टी. सर्न या युरोपीय प्रयोगशाळेने 2017 च्या मध्यापर्यंत 200 पेटाबाइट, म्हणजे 2 लाख टेराबाइट माहिती टेपांवरच साठवली होती. फेब्रुवारी 2011 मध्ये एका सॉफ्टवेअर दोषामुळे जीमेलच्या काही ग्राहकांच्या पेट्या रिकाम्या झाल्या. डिस्कवरच्या एकाहून अधिक प्रतींना फटका बसला होता. ती पत्रं परत आली टेपवरून. कपाटात पडलेल्या टेपला तो दोष शिवूच शकत नव्हता.

टेप लायब्ररी म्हणजे मोठं कपाट. भिंतींना खण, एका बाजूला टेप वाचणारे-लिहिणारे ड्राइव्ह आणि मधल्या जागेत वर-खाली फिरणारा रोबोचा हात. या हाताला टेपवर काय लिहिलंय ते अजिबात कळत नाही. त्याला दिसतो फक्त डबीच्या पाठीवरचा बारकोड, वाचनालयातल्या पुस्तकाच्या पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी असते तसा. एलटीओच्या बारकोडमध्ये आठ अक्षरं: सहा तुमच्या मर्जीची, शेवटची दोन टेपची पिढी सांगणारी. 'सीएलएन'ने सुरू होणारा बारकोड दिसला की ती साफसफाईची टेप. तिच्यावर काही लिहायला जायचं नाही.

या चिठ्ठीची ताकद कुठवर जाते याचा एक नमुना मला फार आवडतो. एलटीओ-7 ची टेप 6 टेराबाइटची. पण ती कोरी असताना तिच्यावर 'एल7' ऐवजी 'एम8' असं लेबल लावून लायब्ररीतल्या एलटीओ-8 ड्राइव्हमध्ये तयार केली, तर तिच्यावर 9 टेराबाइट मावतात. पट्टी तीच, डबी तीच. मात्र एकदा असं केलं की एलटीओ-7 च्या ड्राइव्हला ती वाचता येत नाही.

आता माझ्या शुक्रवारकडे येऊ. दार बंद झाल्यावर लायब्ररीने आपलं काम चोख केलं होतं. हात एकेका खणासमोर थांबला, बारकोड वाचले, नवी यादी आपल्या मेमरीत ठेवली. टेप अकरात आहे हे तिला शुक्रवारीच ठाऊक होतं! पण बॅकअप सॉफ्टवेअरची वही वेगळी. तिच्यात ती टेप अजून सातमध्येच होती. सॉफ्टवेअर म्हणालं, "सातमधली आण." हाताने सातमधली आणली. ड्राइव्हने पट्टीच्या सुरुवातीला लिहिलेलं नाव वाचलं, ते निघालं मागच्या महिन्याच्या, पुसायची नाही अशा टेपचं. तिथे सॉफ्टवेअर थांबलं, हे माझं नशीब.

यादी ताजी करणं म्हणजे या दोन वह्यांचा मेळ घालणं. लायब्ररीला देण्याच्या आज्ञाही दोन आहेत. एक, 'तुझ्या मेमरीत काय आहे ते सांग'; उत्तर लगेच येतं. दुसरी, 'जाऊन स्वतः बघून ये'. मग हात खरंच सगळे खण फिरतो. बॅक्युला या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये (बॅकअप अधिक ड्रॅक्युला, हाही रात्रीच येतो) 'अपडेट स्लॉट्स' म्हटलं की ते लायब्ररीची यादी मागवतं आणि आपल्या वहीत कोणती टेप कुठल्या खणात ते दुरुस्त करतं. बाहेर काढलेल्या चार टेपांचं नाव ते खोडत नाही, फक्त 'सध्या यंत्रात नाही' अशी खूण करतं. हे फार महत्त्वाचं. त्या टेप दुसऱ्या इमारतीतल्या तिजोरीत असतील आणि वर्षभराने त्यांच्यावरचीच फाइल हवी असेल.

बारकोड नसेल किंवा त्यावर भरवसा नसेल तर लांबचा रस्ता: प्रत्येक टेप ड्राइव्हमध्ये घालून पट्टीवरचं नाव वाचायचं. एका टेपला दोन मिनिटं धरली तरी 48 टेपांना दीड तासाहून जास्त, आणि तेवढा वेळ ड्राइव्ह अडकलेला. बारकोडांवर हेच काम काही मिनिटांत उरकतं. म्हणून लेबलं साध्या कागदावर घरगुती प्रिंटरने छापू नयेत. रेघांच्या दोन्ही टोकांना कोरी जागा लागते. ती कापली गेली किंवा लेबल तिरकं बसलं तर स्कॅनर गोंधळतो.

त्या सोमवारी मी आज्ञा दिली. यादी उमटली. अकरामध्ये हरवलेली टेप दिसली, चार जुन्याही आपापल्या खणात. पण चौदा नंबरपुढे 'भरलेला' एवढंच, नाव नाही. पुन्हा स्कॅन केलं, तेच. शेवटी दार उघडलं. चौदातली डबी पाठीवर उघडीबोडकी होती आणि तिचं लेबल कपाटाच्या तळाशी उताणं पडलं होतं.