आकुर्डीची स्कूटर, नाना पेठेतला जेट

बजाजच्या चेतक स्कूटरच्या सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) 57 मिलिमीटर, स्ट्रोकही (पिस्टनची चाल) 57 मिलिमीटर, म्हणजे 145 सीसी. पुण्यात घरच्या घरी स्कूटरशी खटपट करणाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या या आकड्याभोवती वाढल्या. बोअर झिजला की पाव मिलिमीटरने वाढवायचा, पुढच्या वेळी अर्ध्याने, मग पाऊण, मग एक. त्यानंतर सिलिंडरच बदलायचा. गाडी पळवण्याआधी ती चालती ठेवणं, हे या कामाचं मूळ. जेट (कार्बुरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र), पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली वाट) आणि सायलेन्सरची भाषा बोलणाऱ्या आजच्या मुलांना वाटतं, हा छंद परदेशातल्या स्कूटर क्लबांकडून इकडे आला. पुण्यापुरतं तरी मला ते पटत नाही. इथलं ट्यूनिंग टंचाईतून आलं आणि त्याचा स्वभाव अजूनही बराचसा तसाच आहे.

बजाजने 1948 पासून स्कूटर आणि तीनचाकी गाड्या आयात करून विकल्या. 1959 मध्ये देशात बनवण्याचा परवाना मिळाला, 1960 मध्ये इटलीच्या पियाजिओशी करार होऊन व्हेस्पा इथे बनू लागली आणि त्याच वर्षी आकुर्डीच्या कारखान्याचं भूमिपूजन झालं. उत्पादन किती करायचं हे मात्र परवान्यावर ठरत असे. कंपनीची एक लाखावी गाडी बाहेर पडायला 1970 साल उजाडलं. म्हणजे साऱ्या देशासाठी दहा वर्षांत लाखभर गाड्या, त्यातही रिक्षा धरून. 1971 मध्ये पियाजिओचा करार संपला, 1972 मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली, 1975 मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स स्थापन झाली आणि साताऱ्याहून प्रिया येऊ लागली. 1977 मध्ये एका वर्षात लाख गाड्यांचा टप्पा गाठला, तरी नंबर लागायला वर्षानुवर्षं जात. आकुर्डी पुण्यापासून हाकेच्या अंतरावर असली तरी पुणेकराला रांगेत वेगळी जागा नव्हती.

इतक्या वर्षांनी हातात आलेली गाडी लोक कशी जपत असतील, याचा विचार केला की पुढचं सगळं उलगडतं. ती विकून दुसरी घेण्याचा प्रश्नच नव्हता. वडिलांची स्कूटर मुलगा कॉलेजला नेई, तोवर तिचे दोन बोअर झालेले असत. क्रॅश गार्ड, पुढे काच, मागे कॅरिअर, साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्या बाईसाठी पाय ठेवायची पट्टी, दोन सुट्या सीटऐवजी एक लांब सीट, पुढे उभ्या राहणाऱ्या मुलाला धरायला दांडी: स्कूटर आपल्या मनासारखी करून घेणं म्हणजे तेव्हा हे. कुटुंबाचा आकार आणि गरज ओळखून केलेले हे बदल मला आजच्या कुठल्याही स्टिकर-किटपेक्षा जास्त विचारपूर्वक वाटतात.

इंजिनात हात घालायची हिंमत लोकांना झाली ती टू-स्ट्रोकमुळे. जोसेफ डे या इंग्रजाच्या कारखान्यात 1890 च्या आसपास जी रचना आकाराला आली, तीच मुळात साधी होती. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, पिस्टनच वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीतली पोर्टं उघडतो आणि मिटतो. पिस्टनच्या खालची पोकळी पंपाचं काम करते, आणि पेट्रोलात मिसळलेलं ऑइल जाता जाता बेअरिंगांना वंगण देतं. व्हेस्पाच्या घराण्यात तर इंजिन, गीअरबॉक्स आणि मागचं चाक हा एकच गठ्ठा. कव्हर काढलं, चार नट सोडले की हेड हातात. केबली, शॉकअबसॉर्बर आणि एक लांब बोल्ट सोडला की अख्खं इंजिन गाडीखालून बाहेर. वाड्याच्या चौकात, गोणपाट अंथरून हे काम होत असे. पाने, प्लगपाना, पॉलिश पेपर, फीलर गेज आणि वाटीभर रॉकेल एवढ्यावर भागे.

त्या काळी 'गाडी ट्यूनिंगला टाकली' म्हणजे काय होई? प्लाटीनचा, म्हणजे ठिणगीची वेळ साधणाऱ्या कॉन्टॅक्ट पॉइंटचा गॅप 0.4 मिलिमीटरच्या आसपास आणायचा, प्लगचा 0.6 च्या. कार्बुरेटर उघडून जेट फुंकायचे. तारेने टोकरायचे नाहीत, कारण छिद्र मोठं झालं की जेट वाया. हेड, पिस्टनचा माथा आणि एक्झॉस्ट पोर्टवरचा कार्बन खरवडायचा. सायलेन्सर जाळून मोकळा करायचा. शेवटी एअर स्क्रू आत-बाहेर करत कान लावून आयडलिंग (गाडी उभी असतानाचं इंजिनाचं फिरणं) बसवायचं. या यादीत ताकद वाढवणारं काही नाही असं वाटेल, पण कार्बनने तोंड आवळलेला पोर्ट मोकळा झाला की जुनी गाडी कात्रजचा घाट तिसऱ्यात चढू लागे, आणि मालकाला ती नवी वाटे.

1973 च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलं आणि ट्यूनिंगला दुसरा अर्थ मिळाला: ॲव्हरेज. मुख्य जेट एक नंबर लहान टाकला की लिटरमागे चार-पाच किलोमीटर वाढतात, ही समजूत पेठापेठांत पसरली. ती निम्मी खरी होती. मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी झालं, की पेट्रोल वाचतं, पण टू-स्ट्रोकमध्ये त्याबरोबर ऑइलही कमी पोचतं आणि सिलिंडर तापतो. पुण्याच्या भूगोलाने यात आणखी भर घातली. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर. इथे अगदी काठावर बसवलेला जेट बोरघाट उतरून मुंबईच्या दाट हवेत गेला की आणखी पातळ पडतो. घाट उतरताना थ्रॉटल बंद, गाडी गीअरमध्ये, इंजिन मात्र जोरात फिरतंय आणि पेट्रोलच जात नसल्याने वंगणही नाही. म्हणून जुने चालक उतारावर मधूनमधून थ्रॉटल किंचित उघडत. प्लगचा रंग वाचायला लोक शिकले ते अशा सीझ झालेल्या, म्हणजे तापून सिलिंडरात अडकलेल्या पिस्टनांमुळे. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर ठीक, काळा काजळी धरलेला असेल तर मिश्रण जाड, पांढरा पडला तर जेट ताबडतोब बदला. घरगुती ट्यूनिंगमधलं सगळ्यांत मोलाचं ज्ञान कोणतं असं कुणी विचारलं, तर मी हेच सांगेन.

ज्या वर्षांत आकुर्डी उभी राहत होती, त्याच वर्षांत टू-स्ट्रोकचं खरं शास्त्र पूर्व जर्मनीत घडत होतं. एमझेड या मोटरसायकल कंपनीच्या वाल्टर काडेन यांनी एक्झॉस्टच्या नळीतल्या दाबाच्या लाटांचा अभ्यास केला. नळी आधी रुंदावत नेऊन मग निमुळती केली, तर बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण परत येणारी लाट सिलिंडरात ढकलते. 1961 मध्ये त्यांच्या 125 सीसी इंजिनाने 25 अश्वशक्ती दिली, लिटरमागे 200. त्याच वर्षी त्यांचा चालक एर्न्स्ट डेग्नर देश सोडून पळाला, ते ज्ञान सुझुकीकडे गेलं, आणि 1962 ची 50 सीसी गटाची जागतिक स्पर्धा सुझुकीने जिंकली. आज 'एक्स्पान्शन' म्हणून जो सायलेन्सर विकला जातो त्याचं कूळ हे. मात्र तो ठरावीक आरपीएमलाच (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनाच) साथ देतो. खाली ताकद उलट घटते. लक्ष्मी रोडच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गीअरमध्ये रांगणाऱ्या स्कूटरला तो काय कामाचा? चेतकचा डबा सायलेन्सर अडाणीपणाने बनवलेला नाही. खालच्या आरपीएमला ओढ आणि शांत आवाज हेच त्याचं काम.

पुण्याकडे आणखी एक गोष्ट होती जी फार थोड्या शहरांकडे असेल. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या एमआयडीसीत लेथ, मिलिंग आणि ग्राइंडिंग जाणणारे हजारो हात. मायक्रोमीटर रोज हाताळणारा टर्नर शेजारी राहत असेल, तर हेडचा अर्धा मिलिमीटर उतरवून आणणं किंवा बुश बनवून घेणं अवघड नव्हतं. सुटे भाग नाना पेठेत, आणि तिथे न मिळालेले रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात. कंपनीचा भाग, बाहेरचा भाग आणि काढीव भाग यांतला फरक बोटांनी ओळखणारी माणसं या गल्ल्यांनी घडवली. त्यांच्यापैकी फार थोड्यांनी काही लिहून ठेवलं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

फिरोदियांच्या लूना मोपेडने 1972 मध्ये 50 सीसीत हाच धडा आणखी स्वस्त केला. प्लग आणि सायलेन्सर साफ करणं शाळकरी मुलांनाही जमे. 1984 मध्ये होंडाशी भागीदारी होऊन कायनेटिक होंडा आली आणि घरच्या ट्यूनरला नवंच यंत्र भेटलं. 98 सीसी, सेल्फ स्टार्ट, ऑइलची वेगळी टाकी आणि गीअरऐवजी बेल्टवर चालणारा, आतल्या रोलरांच्या जोरावर वेगाचं प्रमाण आपोआप बदलणारा व्हेरिएटर. आता पिकअप जेटपेक्षा रोलरच्या वजनावर ठरू लागला. रोलर हलके टाकले तर इंजिन वरच्या आरपीएमला राहून जोरात निघतं, जड टाकले तर शांत चालतं. झिजून चपटे झालेले रोलर बदलले तरी निम्मी तक्रार मिटे. गीअरच्या स्कूटरवर वाढलेल्या मेकॅनिकांना हे पचायला वेळ लागला, आणि त्या मधल्या काळात बरेच मालक स्वतःच शिकले.

शेवट धुरामुळे आला आणि तो रास्त होता. एक्झॉस्ट पोर्ट उघडा असतानाच ताजं मिश्रण आत येतं, त्यामुळे त्यातलं बरंचसं न जळता बाहेर पडतं. पुण्यासारख्या दुचाकींच्या शहरात चौकाचौकात तो निळा धूर नाकात जाई. दुचाकींसाठी 1996 मध्ये कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा किलोमीटरला 4.5 ग्रॅम झाली, 2000 मध्ये 2 ग्रॅम, 2005 मध्ये दीड. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लावून टू-स्ट्रोक काही वर्षं तगली. 2001 मध्ये होंडाची फोर-स्ट्रोक ॲक्टिव्हा आली, आणि 2006 च्या आसपास चेतकचं उत्पादन थांबलं. 2022 पासून आकुर्डीत चेतक पुन्हा बनते, ती विजेवर.

आता जो स्कूटर घेऊन बसतो त्याला कायद्याचं भान ठेवावं लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. रंग बदलला तरी आरटीओत नोंद हवी. मोठा सिलिंडर आणि भोंगा सायलेन्सर यांचा नाद सोडलेला बरा. प्लाटीन, जेट, केबली, ब्रेक शू, वायरिंग, ऑइल सील यांतच इतकं काम आहे की वर्ष पुरत नाही.

घरच्या ट्यूनरकडे पूर्वी नसलेलं एक साधन मात्र आज कोपऱ्याकोपऱ्यावर आहे, ते म्हणजे धूर तपासणारं पीयूसी केंद्र. 2000 पूर्वीच्या टू-स्ट्रोकला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड 4.5 टक्के आणि हायड्रोकार्बन 9,000 पीपीएमपर्यंत चालतं. तो कागद खिशात कोंबण्याआधी आकडे वाचा. मोनॉक्साइड जास्त असेल तर आयडलचं मिश्रण जाड आहे, एअर स्क्रूवर काम करा. मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन भलतंच वर असेल, तर प्लग मिसिंग करतोय किंवा मिश्रण जळण्याइतकंही जाड नाही; आधी प्लाटीन बघा, मग इनलेटच्या गॅस्केटमधून हवा ओढली जातेय का ते तपासा.